उजवा, डावा, उजवा, उजवा

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
४ ऑगस्ट २०२४

ती. सदामामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहितेय. बातमी अशी, की मी वसईतल्या एका बँडमध्ये ड्रम शिकतेय. लग्नाचा बँड नव्हे हो! ड्रम अंगावर अडकवून, पावलं टाकत वाजवायचा, तुम्ही पलटणीत बावीस वर्षं वाजवलात तसा. लॅबमधली ड्युटी संपली, की आठवड्यातून तीन संध्याकाळी चर्चच्या मैदानावर जाते.

डिसेंबरात पुण्याला स्पर्धा आहे. स्नेअर ड्रमच्या जागा चार, आम्ही पाच जण. साधे रोल, म्हणजे न तुटता सलग पडणारे ठोके, मला येतात, पुढचं अडतं. फ्लॅममध्ये एक काठी दुसरीच्या केसभर आधी पडायला हवी, माझ्या दोन्ही एकदम पडतात. आमचे ॲन्सेल्म सर म्हणाले, की मीरा, हा फ्लॅम नाही, हे दार आपटलं. तेव्हापासून चैन नाही. जेवताना, रिक्षात, रिपोर्ट टाइप करताना बोटं चालूच. आई म्हणते, की माहेरी एक सुतारपक्षी होता, आता पोटीही निघाला.

काहीतरी युक्ती सांगा ना. मामींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
मीरा

देवरुख
१२ ऑगस्ट २०२४

चि. मीरास,
अ. उ. आ.

पत्र चारदा वाचलं. तुझी मामी विचारू लागली, की कुणाचं बरंवाईट झालं का.

युक्ती वेळेत नाही, उंचीत आहे. एक काठी कातड्यापासून दोन बोटं वर धर, दुसरी वीतभर. दोन्ही एकाच क्षणी सोड. खालची आपोआप आधी पोचेल. तू आधी-नंतर मोजत बसतेस, म्हणून दार आपटतं.

मग हे घे. उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा : उ डा उ उ, डा उ डा डा. हा झाला पॅराडिडल. प्रत्येक चौकडीच्या पहिल्या ठोक्याला फ्लॅम लाव. घड्याळाच्या सेकंदाला एक ठोका, त्याहून वेगात नाही. महिनाभर. तुला राग येईल, येऊ दे. काठी आवळू नकोस. ती आपटून स्वतःच वर येते, तिला येऊ द्यायचं एवढंच आपलं काम.

हंसाताईला सांग, सुतारपक्ष्याने नमस्कार सांगितलाय. तुझ्या पत्राची वाट बघणारा,

सदामामा

आचोळे
२९ सप्टेंबर २०२४

ती. सदामामांस,
शि. सा. न. वि. वि.

उंचीची युक्ती लागू पडली. सर म्हणाले, की आता दार नीट लोटलंस. गेल्या रविवारी निवड झाली आणि चौघांत मी आहे! पाचवा चिराग बाहेर राहिला. तो राखीव.

आता वेग वाढवायचाय. तुमच्या सेकंदाच्या तिप्पट. खालच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली, म्हणून रोज तीन तास उशीवर वाजवते, आवाज होत नाही. बाकी सगळं उत्तम. घाईत आहे, थोडक्यात आवरते. आठवण असू द्या.

तुमची
मीरा

देवरुख
७ ऑक्टोबर २०२४

चि. मीरास,
अ. उ. आ.

निवडीचं पेढ्याने तोंड गोड केलं. आता खरं सांग. हात किती दिवस दुखतोय?

तू डावखुरी. तुझा तळहात ओल्या शाईवरून सरकतो, म्हणून मागच्या पत्राच्या ओळी फरफटल्यासारख्या होत्या. या पत्रावर एक डाग नाही, आणि अक्षर पहिलीतल्या पोरीचं. उजव्या हाताने लिहिलंस. शिवाय उशी काठीला परत फेकत नाही. तीन-तीन तास प्रत्येक ठोका मनगटाने उचललास, ते सुजणारच.

तुला ओरडायला मला तोंड नाही. पलटणीत असताना माझ्या कानात रातकिडे वाजू लागले. अकरा वर्षं मी कुणाला बोललो नाही, तुझ्या मामीलाही नाही. माझ्या जागेवर डोळा ठेवून दोघे उभे होते. तपासणी आली, की मी समोरच्याचे ओठ वाचून उत्तरं द्यायचो. जागा राहिली. शेवटच्या संचलनात पूर्ण बँड वाजत होता आणि मला फक्त पायाखालची जमीन हादरलेली कळत होती.

उद्या ॲन्सेल्म सरांना सांग. मग डॉक्टर. याला आज्ञा समज.

सदामामा

आचोळे
२२ डिसेंबर २०२४

ती. सदामामांस,
शि. सा. न. वि. वि.

अडीच महिने लिहिलं नाही, कारण रागावले होते. तुमचं पत्र फाडायला घेतलं होतं, आईने हातातून काढून घेतलं. वाचून म्हणाली, की सदाने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. आणि चप्पल घालून मला मैदानावर सरांकडे घेऊन गेली.

अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. सहा आठवडे पट्टा, काठी बंद. माझी जागा चिरागला गेली. तो रोज विचारायचा, की माझा फ्लॅम ऐकतेस का. ऐकायचे आणि चुका सांगायचे, कधी कधी मुद्दाम एखादी राखूनही ठेवायचे. हे फक्त तुम्हाला लिहितेय.

पुण्याला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत कडेला उभी राहिले. आपला बँड दुसरा आला. मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. मी आडोशाला जाऊन रडले. परत आले तेव्हा चिराग मला शोधत होता. प्रमाणपत्राचा फोटो काढताना त्याने मला मध्ये ओढलं. तेव्हा त्याला राखून ठेवलेली चूक सांगितली. तो हसला, म्हणाला, की आता सांगतेस?

पट्टा निघालाय. डावा हात चार ठोक्यांनी थरथरतो. सेकंदाला एक, पुन्हा पहिल्यापासून. एप्रिलात नवी निवड आहे.

मामा, लहान तोंडी मोठा घास घेते. मला आज्ञा केलीत. तुम्ही स्वतः कानाच्या डॉक्टरकडे शेवटचे कधी गेलात? रागावलात तरी चालेल, लिहा मात्र.

तुमची
मीरा

देवरुख
२६ जानेवारी २०२५

चि. मीरास,
अ. उ. आ.

रागावलो. चार दिवस. पाचव्या दिवशी मामीला घेऊन रत्नागिरीला गेलो. उजवा कान संपलाय, डाव्यात थोडं शिल्लक आहे. त्यात यंत्र बसवलं.

घरी येऊन आधी सरावाची रबरी पाटी काढली. निवृत्त झाल्यापासून तेरा वर्षं मी रोज सकाळी पाव तास वाजवतो, हे तुला माहीत नसेल. माझ्या डोक्यात ते अगदी तेव्हासारखं वाजायचं. त्या दिवशी खरं ऐकलं. डावा हात मागे राहतो, रोल फाटलेला, फ्लॅमचं तर दार आपटतं. यंत्र काढून डबीत ठेवलं आणि दोन दिवस डबी उघडली नाही.

मामीला म्हटलं, की तेरा वर्षांत एकदा तरी सांगायचंस. ती म्हणाली, की तुम्ही इतके खुशीत असायचात, कुठल्या तोंडाने सांगू.

तिसऱ्या दिवशी यंत्र लावलं आणि घड्याळ समोर ठेवलं. उ डा उ उ. सेकंदाला एक. आज सकाळीही वाजवलं. चांगलं झालं नाही. मामी भाजी निवडत ऐकत होती, म्हणाली, की तिसरा ठोका घाईत पडतोय.

बरोबर होतं तिचं. तू कुठवर आलीस ते कळव. हंसाताईस नमस्कार, तुला पुष्कळ आशीर्वाद.

तुझा
सदामामा