आबांच्या पत्त्यावरून

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच नावानं मेल लिहिते आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्याला वाटतं, तुम्ही हयात आहात. फोनवर त्यानं तुम्हाला मागितलं की मी स्वतःचं नाव न सांगता म्हणते, आबांना ऐकू कमी येतं, मेल करा. मग तुमच्या पत्त्यावरून मीच उत्तर देते. केळीच्या धंद्यात माणूस गेला तरी नाव जाऊ द्यायचं नसतं, असं काका तुमच्या तेराव्यालाच म्हणाले. तुम्ही असतानाच, धुळ्याची, देवपूरच्या कॉलेजातली नोकरी सोडून मी एका हंगामापुरती तुमच्या मदतीला इथं पहूरला आले होते. तो हंगाम काही संपेना बघा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आपली मेल सांभाळणारी जुनी कंपनी बंद पडली, म्हणून नवी घेतली, तर आपल्या मेल व्यापाऱ्याकडे स्पॅममध्ये पडू लागल्या. इंटरनेटवर आपल्या डोमेनची जी नोंदवही असते, डीएनएस, तिच्यात नव्या नोंदी भरायच्या होत्या. येणारी मेल कुठं उतरवायची, ती नोंद जमली. दुसरी ओळ असते ती आपल्या नावानं मेल पाठवायचा हक्क कुणाला, हे जगाला सांगणारी. तुमच्या वेळची ओळ तिथं होतीच. तिला हात लावायला मन होईना, म्हणून तिच्याखाली मी नवी टाकली. चाळीसगावचा वेबसाइटवाला फोनवर हसलाच. "ताई, अशी एकच ओळ चालते. दोन ठेवल्या की दोन्ही बाद. आबांची काढा."

नावानं बोलायचा हक्क! ते ऐकलं आणि मी पुन्हा आपल्या शेडवर उभी आहे. फण्या धुऊन खोक्यांत भरल्यात, गाडी तयार आहे, तुम्ही जेवायला गेलाय आणि ड्रायव्हर घाई करतोय. मी त्याला म्हणते, आबांनी सांगितलंय, निघ. तुम्ही गाडी जळगावहून माघारी बोलावता आणि सगळ्या हमालांसमोर विचारता, "माह्या नावानं बोलाले तुले कोनं सांगतलं?" गाडीत काही चुकलेलं नव्हतं हो! आहे तशीच ती तुम्ही परत रवाना केलीत. मला रडू नाही आलं, संताप आला. आणि मग तुम्ही गेलात, नि जन्मभर तुमच्याच नावानं बोलायचं माझ्या गळ्यात पडलं.

तर मी तुमची ओळ काढली. त्याच झपाट्यात माझ्या नावाचा नवा पत्ता तयार केला आणि व्यापाऱ्याला पहिल्यांदाच माझ्या नावानं लिहिलं, की माल कापून तयार आहे, गाडी सोडतेय. मेल नीट पोचली, स्पॅममध्ये गेली नाही. उत्तरही आलं, "आप कौन? आबाजी से कन्फर्म करवाइए, तभी माल लेंगे." घ्या! कापलेली केळी माझ्या मानापमानासाठी थोडीच थांबणार? शेडवर हमाल माझ्या तोंडाकडे बघत उभे.

मग काय, पुन्हा तुमच्या पत्त्यात शिरले आणि लिहिलं, "वो मेरी बेटी है. उसकी बात मेरी ही बात समझिए." लगेच होकार आला. गाडी गेली. पुढच्या गाडीलाही तुम्हीच लागणार, हे मला कळून चुकलंय.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवलं असतं, पण तिथं ते उघडणारी मीच. म्हणून राहू दे ड्राफ्टमध्ये. एक मात्र सांगते. व्यापाऱ्याला गेलेल्या त्या दोन ओळी तुमच्या तोंडून ऐकायला मी त्या शेडवर वर्षानुवर्षं राबले, आबा, आणि शेवटी मलाच लिहाव्या लागल्या. तरी मी त्या पुन्हा पुन्हा उघडून वाचते. खाली तुमचं नाव आहे ना.