चौसष्ट मिलिमीटर

३ जून

चि. ठोक्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

फोनवर तू इतका भरभर सांगतोस की ठेवल्यावर निम्मंही आठवत नाही. पत्र कसं, समोर टेकवून काम करता येतं. म्हणून लिहायला बसले.

आपल्या शिवणकारखान्याला हॉस्पिटलच्या नर्सेसच्या गणवेशांचं काम मिळालंय. एकशे चाळीस गणवेश, सात मापांत. नमुन्याचे कपडे तीस तारखेला दाखवायचे. पण आपला सहा वर्षांचा कॉम्प्युटर सात मापं एकदम उघडली की बसतोच. एक बाही पडद्यावर उमटेपर्यंत चहा गार होतो, आणि कागदावर आराखडे काढणारा प्लॉटर आ वासून वाट बघत राहतो.

मेमरी वाढव, असं तूच मागे म्हणाला होतास. म्हणून दुकानातून मोठी रॅमची पट्टी आणली आणि झाकण उघडून जुनीच्या शेजारी बसवली. बसली झकास. बटण दाबलं तर पडदा काळा, आणि आतून तीनदा पीं पीं पीं. नवी काढली की पुन्हा पहिल्यासारखा रडतखडत चालू. लहानपणी तू रेडिओला ठोसे मारून चालू करायचास, तसला इलाज मी अजून केलेला नाही, पण हात शिवशिवतोय.

मामा सध्या घरी विश्रांती घेतात, त्यामुळे आराखड्यांचं कामही माझ्याच गळ्यात आहे. लवकर लिही.

तुझ्यावर लोभ आहेच, तो वेगळा कशाला लिहू?
तुझी,
ताई

•

७ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. आ वासलेला प्लॉटर आमच्या मालकांना फार आवडला.

आता कामाचं. दोन्ही पट्ट्यांवरची चिठ्ठी वाच. जुनीवर २६६ आणि नवीवर ४०० असणार, पैजेवर सांगतो. तो त्यांचा वेग. दोघींनी एकत्र चालायचं तर भरभर चालणारीने पाय आवरायला हवा. बहुतेक मशीन हे आपलं आपण जमवतात, तुझं हटून बसलंय. तर असं कर. फक्त जुनी पट्टी ठेवून चालू कर, सुरुवातीलाच डिलीट दाबत राहा, सेटअप उघडेल. त्यात मेमरीचा वेग २६६ लिही आणि जपून ठेव. मग बंद कर, आणि प्लगसुद्धा काढ. लोखंडी डब्याला एकदा हात लाव, म्हणजे अंगातली वीज पट्टीत जाणार नाही. पट्ट्यांची सोनेरी किनार खोडरबराने पूस. मोठी पहिल्या खाचेत, जुनी दुसऱ्या. दोन्ही बाजूंचे खटके आपणहून कट्‌ असे बसले पाहिजेत.

सोबत एक सीडी पाठवतोय. ती मेमरी तपासते. निळ्या पडद्यावर लाल ओळी आल्या तर दोष आहे असं समज. आल्याच तर सरळ नवी पट्टी दुकानदाराला परत दे. नव्या मालातच खोट निघते, दहा वर्षं हेच बघतोय.

आणि मामा विश्रांती घेतात? आपले मामा? तापात घोंगडी पांघरून कापड बेतणारा माणूस तो. काय झालंय त्यांना?

भाचरांना गोड पापा. तुझा राग आणि लोभ, दोन्ही या धाकट्याला हवेत.
तुझा,
ठोक्या

•

१२ जून

चि. ठोक्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

पैज जिंकलास. २६६ आणि ४००च निघाले. तू लिहिलंस तसं अगदी पायरी पायरीने केलं. खटके कट्‌ वाजले, बटण दाबलं, आणि दोन्ही पट्ट्यांची बेरीज पडद्यावर आली! काज-बटणवाल्या बाईंनी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. सातही मापं एका दमात उघडली.

पाऊण तास. मग सगळं एकदम बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. सीडी लावली तर पडद्यावर लालच लाल.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पट्टी घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बदलून दिली. कारखान्यात येऊन लावली, तर तिच्यातही लाल. पुन्हा दुकानात. या खेपेस त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, की बाई, दोन्ही वेळा नवीच खराब कशी, जुनीची कधी चौकशी केलीत का? मी म्हटलं, जुनी सहा वर्षं बिनतक्रार चाललीय. पण परतीच्या वाटेवर त्याचं बोलणं काही डोक्यातून जाईना. तुझं काय मत?

मामा बरे आहेत. त्यांचं सवडीने लिहीन.

तीस तारीख जवळ आली तरी मी डगमगलेली नाही, एवढं ध्यानात ठेव आणि ताईवरचा विश्वास ढळू देऊ नकोस.
तुझी,
ताई

•

१६ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग. शहाणा माणूस आहे, आणि मी दहा वर्षांचा अनुभव मिरवणारा गाढव. जुनीचीही तपासणी कर, हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

आता एक एक करून बघ. फक्त नवी लाव आणि सीडी सकाळभर चालू दे. मग फक्त जुनी, आधी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या. कुठली पट्टी, कुठली खाच, लाल आलं का, सगळं वहीत मांड. लाल खाचेसोबत राहिलं तर दोष मदरबोर्डचा. पट्टीसोबत फिरलं तर पट्टीचा. यात अंदाजाला जागाच नाही.

आणि ताई, मामांचा विषय तू दोनदा टाळलास. मी त्यांना पत्र टाकलं होतं. उत्तरादाखल दीड ओळीचं कार्ड आलं: सर्व ठीक, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, काम सोडलं. काम सोडलं? तो कारखाना उभा राहिला त्यांच्या हातांवर. आई गेल्यावर तुला कात्री धरायला त्यांनी शिकवलं. काय झालं ते मला सरळ लिही.

रागावलीस तरी चालेल, पण लिही. लोभ त्याहून मोठा आहे.
तुझा,
ठोक्या

•

२० जून

चि. ठोक्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

आधी निकाल. नवी एकटी: सकाळभर चालली, एकही लाल ओळ नाही. जुनी एकटी: पहिल्या खाचेत लाल, दुसऱ्या खाचेतही लाल, आणि दोन्ही वेळा त्याच आकड्यापाशी. म्हणजे जिच्यावर डोळे मिटून विसंबले, तीच खोटी निघाली.

आता दुसरं. हे लिहायला हात धजत नव्हता.

एप्रिलमध्ये हॉटेलच्या वेटरांच्या कोटांचं आणि ॲप्रनचं काम होतं. मामा मापं वहीत लिहीत, मग स्वतःच कॉम्प्युटरमध्ये भरत. कापड कापून झालं तेव्हा बाही आखूड, कॉलर अपुरी, ॲप्रनचा पट्टा कमी. अख्खा गठ्ठा वाया. मी वही पाहिली. वहीत बाही ५८४ मिलिमीटर, कॉलर ३६८, पट्टा ९८०. कॉम्प्युटरमध्ये ५२०, ३०४, ९१६. मामा म्हणत राहिले की मी बरोबर भरलं होतं, भरून पुन्हा वाचलंही होतं. माझं डोकं फिरलं. कारखान्यातल्या सहाही बायकांसमोर मी म्हणाले, की मामा, डोळे गेलेत तुमचे, हे मान्य करा आणि आता घरी बसा.

त्यांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि गेले. तेव्हापासून आले नाहीत, आणि मी बोलवायला गेले नाही. विश्रांती घेतात असं मी सगळ्यांना सांगत सुटले. तुलाही.

काय म्हणायचं ते म्हण.
तुझी,
ताई

•

२३ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग ते आकडे पुन्हा वाचले आणि हातातलं काम बाजूला सारलं. कागद घे आणि वजाबाकी कर. ५८४ मधून ५२०. ३६८ मधून ३०४. ९८० मधून ९१६.

तिन्ही वेळा चौसष्ट. ना एक कमी, ना एक जास्त.

ताई, माणूस चुकतो तेव्हा ५८४ चे ५४८ लिहितो, तीनाच्या जागी आठ वाचतो, एखादा आकडा खातो. तीन वेगवेगळ्या मापांत मोजून चौसष्टच कोण खाईल? कॉम्प्युटर खातो. त्याचं मोजणं दुपटीने चालतं: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. प्रत्येकाचं पट्टीत एक घर. मामांनी मापं बरोबरच भरली. पडद्यावर वाचली तेव्हा बरोबरच होती. पण जपून ठेवताना ती जुन्या पट्टीतल्या दुखऱ्या जागेवरून गेली आणि चौसष्टाचं घर रिकामं झालं. असं घर कधी चालतं, कधी मान टाकतं, म्हणून रोज कळलं नाही. नवी पट्टी लावलीस, काम त्या जागेवर वारंवार जाऊ लागलं, आणि खोट उघडी पडली.

मामांचे डोळे शाबूत आहेत.

हे पत्र वाचून झालं की चप्पल घाल. गणवेश, तीस तारीख, सगळं मागाहून. जुनी पट्टी काढून टाक. नवीच्याच जातीची आणखी एक आण, म्हणजे जोडी एकसारखी होईल. आणि एप्रिलपासूनचं प्रत्येक माप वहीशी ताडून बघ.

मामांना माझा नमस्कार, तू केल्यानंतर.
तुझा,
ठोक्या

•

२८ जून

चि. ठोक्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच निघाले.

मामा खिडकीपाशी नुसते बसले होते. समोर वर्तमानपत्र, घडीसुद्धा न मोडलेलं. मी वही, पट्टी आणि तुझं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी पत्र मामींना वाचायला सांगितलं. मी विचारलं, की तुम्हीच का नाही वाचत? तर म्हणाले, दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा तो म्हणाला की नजर उत्तम आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय. ठोक्या, अरे, ज्या माणसाने मला दोरा ओवायला शिकवलं, त्याने एप्रिलपासून सुई हातात धरली नव्हती. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला होता.

त्यांनी वजाबाकी केली. पुसून पुन्हा केली. तिसऱ्यांदाही केली. मी पाय धरले, रडले, सगळं केलं. जाऊ दे, झालं गेलं, असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की सहाजणींसमोर बोललीस, आता हेही सहाजणींसमोर बोल.

दुसऱ्या दिवशी मशीनं थांबवली आणि कटिंग टेबलापाशी उभं राहून सगळं सांगितलं. चूक माझी होती आणि तोंडही माझंच सुटलं होतं, असं स्पष्ट म्हणाले. मग काज-बटणवाल्या बाई म्हणाल्या, की आम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं, आम्हीही गप्प बसलो.

नव्या पट्ट्यांची जोडी उत्तम चालतेय, लाल ओळ नावाला नाही. जुन्या मापांत आणखी दोन चुका सापडल्या. दोन्ही चौसष्टाच्याच. नमुन्याचे कपडे तयार आहेत.

मामा अजून आलेले नाहीत. मी वाट बघेन. घाई करायचा हक्क मला नाही.

तू मला बोल लावला नाहीस, ते मी विसरणार नाही.
तुझी,
ताई

•

६ जुलै

चि. भाचेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, चष्म्याशिवाय, आणि बारीक अक्षरात. पोस्टमनला पत्ता लागला तर माझी नजर चांगली समज.

नर्सेसचे नमुने पसंत पडले. ही बातमी तुझी ताई देईलच, पण मला आधी द्यायची होती.

पहिली तारीख उजाडली आणि मी निघालो. मामी म्हणाली, अजून चार दिवस ताणा, तिला कळू दे. मी म्हटलं, तिला कळलंय, आता ताणून माझंच बोट आखडेल. पण जाताना ठरवून गेलो होतो. आठवड्यातून चारच दिवस येईन. आराखडा आधी कागदावर, यंत्रात नंतर. आणि चूक दिसली तर मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायची. तुझ्या ताईने तिन्ही अटी मान्य केल्या. दुसरं काही बोलूच दिलं नाही, लगेच खुर्ची पुसायला लागली.

सगळ्यात मोठ्या मापाचा गणवेश मी बेतला. प्लॉटरने कागद काढला, तो कापडावर अंथरला. तुझी ताई टेप घेऊन आली, मग माझ्याकडे पाहून थबकली, टेप खिशात घातला आणि मोजायची गरज नाही, कापा, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मला मान द्यायचा होता पोरीला. सहाही बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी कात्रीवर हात ठेवला आणि सांगितलं, की माझं असलं तरी मोजल्याशिवाय कापायचं नाही. मग एक टोक तिने धरलं, एक मी. बिनचूक भरलं. ते मी माझ्याच डोळ्यांनी वाचलं आणि मोठ्याने सांगितलं, आणि मग कात्री चालवली.

कळावे. म्हातारा कामात आहे, पत्राला उशीर झाला तर माया आटली असं समजू नये.
तुझा,
मामा