पाहुणा जेवेना

आई,

आज सकाळी मी गांडुळं धुतली. चाळणीत घेतली, वरून गार पाणी सोडलं आणि पालेभाजी खळबळावी तशी हलक्या हातानं खळबळली. तू असतीस तर चाळणीसकट मला अंगणात काढलं असतंस. भिंतीवर पाल दिसली की आधी केरसुणी उचलायची आणि मग विचार करायचा, असा तुझा खाक्या. आणि तुझ्या लेकीच्या घरात आज पालीच्याच भावकीतलं वाटावं असं एक जनावर काचेच्या पेटीत राहतं. त्याच्यासाठी मी सकाळच्या चहाआधी गांडुळं निवडते, लहान एका बाजूला, मोठी एका बाजूला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला क्षणभर हातातलं काम थांबवावं लागतं. पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं तर लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग ह्यांच्याकडं, म्हणून तुलाच लिहितेय.

होळी होऊन गेली होती. कर्जतचं ऊन तुला माहीत आहे, सकाळीच पत्रा तापून कडकड वाजायला लागतो. अशा उन्हात तुझा नातू पुण्याहून गाडी घेऊन आला आणि स्वेटर घालून खाली उतरला. मला वाटलं, पोराला थंडीताप आहे. मी कपाळाला हात लावायला गेले तर म्हणाला, "मला काही झालं नाही गं, गाडीत एसी फुल ठेवलाय, त्याच्यासाठी." त्याच्यासाठी म्हणजे मागच्या सीटवर पट्टा बांधून ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यासाठी. कंपनी त्याला काही महिन्यांसाठी परदेशात पाठवत होती आणि खोलीवरच्या मित्रांनी हे जनावर सांभाळायला साफ नकार दिला होता.

"आई, हा ॲक्सोलॉटल आहे," तो म्हणाला.

"कुणाचा?" मी विचारलं.

मग त्यानं झाकण उघडलं. आई, वीतभर लांब, दुधात कुंकू पडल्यासारखा रंग, चार बारके पाय, चपटी शेपटी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे तुरे. ते त्याचे कल्ले म्हणे. डोळ्यांना पापण्या नाहीत. आणि तोंड असं, की फोटोवाल्यानं सांगितल्यावर वरमाई हसते तसं सारखं हसत असतं. मेक्सिको नावाच्या देशातल्या तळ्यातलं हे जनावर. बेडकाच्या जातीचं, पण मोठं होऊनही पाण्यातच राहतं, आणि पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो. हे सगळं पोरगा मोठ्या उत्साहानं सांगत होता. ह्यांनी खुर्चीतूनच मान लांब करून खोक्यात पाहिलं आणि म्हणाले, "पाल हाय का मासा हाय, ते एकदा नक्की करा." एवढं बोलून पुन्हा भिंतीकडं बघायला लागले.

ह्यांचं तुला सांगायला हवं. तुझा जावई सारी नोकरी साखर कारखान्यात पॅनवर होता. उसाचा रस आटवून त्याची साखर करायची ती मोठाली भांडी, त्यांच्यापुढं उभं राहून काच न्याहाळायची, काटा बघायचा, वाफ कमीजास्त करायची. मागच्या पावसाळ्यात रिटायर झाले आणि घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. भांडण नाही, आजार नाही, डॉक्टरांनीही काही काढलं नाही. नुसतं गप्प. अर्धी भाकरी खायची आणि ताट सरकवायचं. मी आपली पुढच्या खोलीत गिरणी चालवते, दळणाला आलेल्या बायांशी बोलते. आत आलं की घर बंद पडलेल्या गिरणीसारखं. पोरानं ते पाहिलं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. चहा पिता पिता तो सूचना देत राहिला. पाणी गार पाहिजे, उजेड कमी पाहिजे, हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. मी म्हटलं, "अरे, इथं बाळंतिणीचीसुद्धा कुणी एवढी बडदास्त ठेवत नाही." तो हसला, माझ्या पाया पडला, डिकीतली काचेची पेटी उतरवून खोक्यालाही हात लावून आला आणि गेला.

आता ठेवायचं कुठं? पुढं गिरणीची धडधड. स्वयंपाकघरात गॅस. झोपायच्या खोलीवर दुपारनंतरचं ऊन. राहिली देवाची खोली. मागच्या बाजूला, शहाबादी फरशी, खिडकीबाहेर कडुनिंब. म्हणून देव्हाऱ्याशेजारी मजबूत स्टूल मांडून पाहुण्याला तिथं बसवलं. पोरानं लपायला म्हणून प्लॅस्टिकचा किल्ला दिला होता, त्यात त्याचं डोकं जाईना. मी एक बुटकं मडकं धुऊन आडवं ठेवलं, तर ते स्वारीला एकदम पसंत पडलं. पूजेची घंटा वाजली की तो मडक्यात पार मागं जाऊन बसायचा, म्हणून सध्या देवांना घंटेविनाच उठवते. शेजारच्या मावशी ज्वारी घेऊन आल्या होत्या, त्या पाणी प्यायला आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"ह्यो कंचा अवतार म्हनायचा?"

"अवतार नाही मावशी, जनावर आहे. पोराचं आहे."

"असू द्या की," म्हणून त्यांनी हात जोडले आणि माझ्या परडीतलं एक जास्वंद उचलून पेटीच्या झाकणावर ठेवलं. "हसतंय किती ग्वाड. आमच्या घरात कोन हसतंय असं?"

हसत होता, पण खात नव्हता. पोरानं दिलेल्या गोळ्या पाण्यात टाकल्या तर त्या त्याच्या नाकासमोरून खाली गेल्या, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी फुगलेल्या गोळ्या काढून टाकायची, नव्या टाकायची. मग एका शेतकऱ्याच्या गांडूळखताच्या खड्ड्यातून मूठभर लाल गांडुळं आणली. पोरानं दिलेल्या लांब चिमट्यानं एक पुढं धरलं. आई, त्यानं तोंड उघडलं, फस्सकन ओढून घेतलं, मी हरखले, आणि पुढच्याच क्षणी थू केलं! अगदी तुझा भाऊ आमटीत शेवग्याची साल आली की करायचा तसं. पोराला फोन लावला तर म्हणाला, खताची ती लाल गांडुळं कडू लागतात, साध्या ओल्या मातीतली पाहिजेत. आणि नव्या जागी तो काही दिवस खाणार नाही, तू काळजी करू नकोस. काळजी करू नकोस म्हणे. माझ्या घरात आता न जेवणारे दोघं झाले होते.

आणि मग एके दिवशी मी गिरणीवर असताना आतून काहीतरी ऐकू आलं. पट्टा फिरत होता, नीट कळलं नाही. मी गिरणी बंद केली. बाया म्हणाल्या, काय झालं? मी आत गेले. हे खुर्चीत नव्हते. देवाच्या खोलीच्या दारात उभे होते.

"खाल्लं का त्यानं?" ह्यांनी विचारलं.

कित्येक महिन्यांत ह्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी पिठाच्या हातांनीच नाही म्हणून खूण केली.

त्या दुपारी आम्ही दोघं खुरपं घेऊन गांडुळं शोधायला निघालो. जमीन अशी टणक, की खुरप्याला ठिणगी पडावी. ओल होती ती फक्त हातपंपाच्या मागं, मावशींच्या अळूच्या वाफ्यात. पोरानं बजावलं होतं, औषध मारलेल्या जमिनीतली नकोत, म्हणून मी विचारलं, "मावशी, इथं औषध मारलंय का?" त्यांना वाटलं, मी गांडुळांवर मारायला आलेय. "आवो, त्येंनी तुमचं काय घोडं मारलंय? लई गुनाचा जीव हाय त्यो," म्हणून त्या माझ्यावरच तापल्या. हे मधे पडले आणि चांगली पाच-सहा वाक्यं बोलले. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते. शेवटी मावशींनीच खुरपं घेऊन मातीतली जाडजूड गांडुळं काढून दिली.

घरी आलो, एक धुऊन मडक्याच्या तोंडाशी सोडलं आणि दोघं पाट टाकून काचेसमोर बसलो, नाक काचेला लागेल असे. काचेच्या अलीकडं दोन म्हातारी तोंडं, पलीकडं एक हसरं. तो बाहेर येईना. आणि तिथं बसल्या बसल्या, आई, तू मला आठवलीस.

नगरच्या त्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. भिंती धुरानं काळ्या, तू चुलीपुढं, मी शाळा सुटल्यावर तिथंच पोत्यावर बसलेली. पाथर्डीकडची एक मुलगी नवीन आलेली असते. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही एकटी. ती काही केल्या खात नाही. अधीक्षकबाई गोड बोलून थकतात, मुली गोळा होतात, कुणी घास भरवायला बघते. मी तर तिच्या अगदी समोर उकिडवी बसून तिचं तोंड न्याहाळतेय. तू आलीस आणि माझ्याच पाठीत धपाटा घातलास. "खानाऱ्याच्या तोंडाकडं काय बघती गं भवाने? तुझं थोबाड बघून तिचा घास अडाकतोय!" सगळ्यांना बाहेर पिटाळलंस. तिच्याजवळ पिठलं-भाकरीचं ताट ठेवलंस आणि तिच्याकडं पाठ करून पातेलं खरवडायला लागलीस. लाकडं ओली आहेत म्हणून चुलीला शिव्या देत होतीस. मी दाराआडून पाहत होते. बऱ्याच वेळानं तू वळलीही नाहीस, नुसता हात मागं केलास आणि म्हणालीस, "आन ताट, आजून वाढते." आणि तिनं ताट पुढं केलं.

मी ह्यांना म्हटलं, "उठा. पाठ फिरवून बसायचं." ह्यांनी कारण विचारलं नाही. आम्ही उंबऱ्यात पाठमोरे बसलो. पण ह्यांना कुठला धीर! उठून दाढीचा आरसा आणला आणि खांद्यावरून मागं धरला. हळू आवाजात मला सांगायला लागले, कारखान्यात पाळीवर सांगत असतील तसं. "डोकं भाईर काढलं... थांबला... एक पाय टाकला... वास घेतोय... आगं, गेलं! गिळलं!" हे शेवटचं एवढ्या जोरात, की पाहुणा दचकून मडक्यात शिरला. अर्धं गांडूळ तोंडातून शेवईसारखं लोंबत होतं. मग तेही आत गेलं. हे डोळे पुसत हसत होते. मला म्हणाले, "मला पन वाढ काहीतरी."

तिथून पुढं मला त्या पेटीजवळ कुणी फिरकू देईना. पाण्यातल्या तापमापकाचा ताबा ह्यांनी घेतला. पाणी भरून ठेवायच्या वेगळ्या बादल्या झाल्या, फ्रीजमध्ये बाटल्यांचं बर्फ झालं, पेटीभोवती माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट आलं, वर बारका पंखा आला. लाईट गेली की हे पुठ्ठ्यानं वारा घालतात. "जलमभर उकळवलं, आता गार करतोय," असं आल्यागेल्याला सांगतात. गांडुळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात असतात, ओल्या मातीत, तुझं नाव कोरलेल्या त्या स्टीलच्या डब्यात. रागावू नकोस, दुसऱ्या कुठल्या डब्याचं झाकण एवढं घट्ट बसत नव्हतं. मे महिन्यात नणंदबाई आल्या, तेव्हा त्यांना वाटलं श्रीखंड आहे. त्यांनी वाटी-चमचा घेऊनच डबा उघडला. ती किंकाळी ऐकून गिरणीवरच्या बाया दळण टाकून आत धावल्या. नणंदबाई ठरल्याच्या आधीच परत गेल्या. ह्यांना त्याचं फार काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

काल पोराचा फोन आला. पुण्याला परत आलाय. म्हणाला, "आई, तुम्हाला फार त्रास झाला. रविवारी येऊन त्याला घेऊन जातो." मी स्वयंपाकघरात उभी होते. देवाच्या खोलीतून ह्यांचा आवाज येत होता. हे त्याला पेपरातला बाजारभाव वाचून दाखवत होते. मी म्हटलं, "अरे, सध्या नको. त्याची तब्येत जरा नाजूक आहे. प्रवास झेपायचा नाही."

वाचन थांबलं. "पोट बिघडलंय म्हन त्याचं!" हे आतून ओरडले.

आई, हा कागद तुझ्यापर्यंत पोचायची सोय नाही, हे एका अर्थी बरंच आहे. मी तो चुरगळून पाणी तापवायच्या चुलीत घालणार आहे, लेकाच्या हाती लागायला नको. पोट अगदी उत्तम आहे त्याचं. आज सकाळी दोन गांडुळं खाऊन तिसऱ्यासाठी काचेला नाक लावून बसला होता. मी धादांत खोटं बोलले, आणि पुढच्या रविवारसाठी काय बोलायचं तेही आम्ही दोघांनी आजच ठरवून ठेवलंय.