खाडीकाठचा तेजोमेघ

कामतघर, भिवंडी
२२ जानेवारी २०२६

चि. दौलत,

तुला, रीमाला आणि घरातल्या सगळ्यांना आक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचे लाड करत नाही. रीमाने पाठवलेला तिळगूळ पोचला. लाडू कडक झालेत हे तिला सांगू नकोस. खालच्या मजल्यावरच्या इशरतकडे नेऊन खलबत्त्यात फोडले आणि दोघींनी संपवले.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते. त्यात तुझा फोन कायम स्पीकरवर, म्हणजे माझं हूं सगळ्या घराने ऐकायचं. पत्र मध्येच तोडता येत नाही. मंगळवारी सकाळी तू गाडी पाठवणार आहेस, रजिस्ट्रारच्या कचेरीत बाबांच्या शेताच्या हक्कसोडपत्रावर माझी सही व्हायची आहे, हे मी विसरलेले नाही. त्याचं मागाहून लिहिते. आधी सोबतचा फोटो बघ.

उलटा धरला असशील. निळसर कडा वर येऊ दे.

हा मृगातला तेजोमेघ. आकाशात एका ओळीत तीन तारे दिसतात ना, मृगाला लागलेला बाण, त्याच्या जरा खाली. नुसत्या डोळ्यांना तिथे धुरकट ठिपका दिसतो. दुर्बिणीतूनही राखाडीच. पण कॅमेऱ्याला आपल्यासारखी घाई नसते. तो उजेड साठवत जातो, आणि मग हा गुलाबी, तांबडा रंग वर येतो. वायूचा ढग आहे, त्यात नवे तारे जन्माला येतात. नोकरीभर हे मी मुलांना काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला शाल दिली आणि मी स्वतःला दुर्बीण दिली. तू तेव्हा चारचौघांत म्हणाला होतास, "आक्का, आता चंद्रावर प्लाट बगतेस काय?" मीही हसले होते.

तर दुर्बीण गच्चीवर लावली आणि पहिला फोटो काढला. प्रत्येक ताऱ्याची वाकडीतिकडी रेघ! दुसरा काढला, तेच. मी दुर्बीण दुरुस्तीला पाठवली. तिथल्या माणसाने ती जशीच्या तशी परत पाठवली आणि यात काही बिघाड नाही म्हणाला. मी त्याला मनात शिव्या घातल्या. मग एकदा इशरत चहा घेऊन वर आली, पेला कठड्यावर ठेवला, आणि मी बघते तर चहावर बारीक लाटा. खाली तिच्या नवऱ्याचे, यूनुसचे कापड विणायचे लूम चालू होते. सगळी इमारत थरथरत असते, दौलत, दिवसरात्र. लग्न होऊन आले तेव्हा मला आठवडाभर झोप लागली नव्हती. पुढे सवय झाली. इतकी, की दुर्बीण बिघडली असं वाटलं, पण पायाखालची गच्ची हलते आहे हे काही सुचलं नाही.

शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार धरला. रेघा गेल्या, पण तारे गढूळ. चहूकडे पत्र्याची छपरं, दिवसभर तापलेली. संध्याकाळी ती गरम हवा सोडत बसतात आणि वरचं सगळं आकाश उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. तारे लुकलुकतात ते गाण्यात बरं, फोटोत नाही. वर कापड रंगवणाऱ्या डाइंगचा धूर, रस्त्यावरचे हॅलोजन. इशरत म्हणाली, "छोड ना कमळआपा, भिवंडीत कुठं तारे मिळणार? माथेरानला जाऊ एखाद्या वेळी." मी म्हटलं, माथेरानला कशाला? माझं शेत आहे अंजूरला, खाडीला लागून.

माझं शेत, असंच तोंडातून गेलं.

मागच्या शुक्रवारी दिवस मावळता मावळता यूनुसने आम्हाला टेम्पोतून तिथे सोडलं. तुला कळवलं नाही. बाबांच्या बांधावर जायला मला कधी कळवावं लागलं नव्हतं. तिन्ही बाजूंना गोदामं आली आहेत, पण खाडीकडे अजून काळोख आहे आणि जमीन हलत नाही. भात कापून झालेलं, पायाखाली धसकटं. इशरत बांधावर शाल गुंडाळून बसली, मी तिपाई रोवली. हवा तिथेही चांगली नव्हती. खाडीवरून दमट वारं येत होतं, तारा क्षणभर स्थिर व्हायचा की परत थरथरायचा. म्हणून मी थोड्या थोड्या सेकंदांचे पुष्कळ फोटो घेत राहिले. बिघडलेले टाकून द्यायचे, बरे निघतील ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, अशी रीत आहे. चांगल्या हवेची वाट बघत बसले तर मी म्हातारी होऊन मरेन.

बाबा मला ह्याच बांधावर मृग दाखवायचे. तू तेव्हा आईच्या कडेवर होतास. म्हणायचे, "बाण लागलाय, पन पडला न्हाय बग. रोज उगवतो." ते मी इशरतला सांगत होते, तेवढ्यात तुझी गाडी आली.

इथपर्यंत लिहून मी उठले, भाकरी केली, जेवले, भांडी घासली. आता लिहिते.

तू गाडी सरळ शेतात घातलीस. हेडलाइट आमच्या तोंडावर. शेजारच्या कुणाल म्हात्रेने तिपाई लांबून पाहिली आणि तुला फोन केला, की तुझी बहीण मोजणीवाले घेऊन आली आहे. आपल्या गावात तीन पायांवर यंत्र दिसलं की ते जमीन मोजायचंच असणार. त्या बिचाऱ्याची चूक नाही. पण तू उतरलास, दुर्बीण बघितलीस, तिचं तोंड आकाशाकडे आहे हेही बघितलंस. मी म्हटलं, "ये, डोळा लावून बघ." आणि तू इशरतच्या देखत म्हणालास, "आक्का, तुजा काय हाय आता हितं?"

मला लागलं, दौलत. खूप लागलं. तू परत गाडीत बसलास. इशरत बांधावरून उठली. म्हणाली, "आपा, चल, सामान भरते." मी म्हटलं, नाही. माझा फोटो झालेला नाही.

तू गेल्यावर काळोखाला डोळे सरावायला वेळ लागला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळेही असेल. मग मी पुन्हा नेम धरला आणि काढत राहिले. तू आलास तेव्हाचे फोटो पांढरेफटक निघाले, ते टाकून दिले. तुझ्या आधीचे आणि तुझ्या नंतरचे रचले. हातात आहे तो फोटो त्यांचा आहे. इशरतने बघितला तेव्हा म्हणाली, "अल्ला, ये तो अपना डाइंगचा नाला!" मी इतकी हसले की खालून यूनुस विचारायला आला.

आता मंगळवारचं.

भाऊबीजेला तू ताटात पैठणी ठेवलीस आणि पैठणीखाली तो कागद. बहिणींनी साडीचोळीवर सही द्यायची, आत्याने दिली, तिच्या आत्याने दिली, न देणारीचं माहेर तुटतं, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या हातात आरतीचं तबक होतं आणि मी "बरं" म्हणाले. तू बाबांचं शेवटपर्यंत केलंस, मी पाहुणीसारखी यायचे, तेही मी जाणते. शेत विकत घेणारे गोदामवाले घाईत आहेत, तुझी पोरं मार्गाला लागतील, सगळं खरं. त्या शेतातून तुला काही मिळू नये असं मला एक क्षणही वाटलेलं नाही, आणि त्या "बरं"वर मी मंगळवारी गाडीत बसलेही असते. पण तू विचारलंस, माझं तिथे काय आहे. विचारलंसच आहे तर उत्तर घे.

सातबाऱ्यावर बाबांच्या मागे दोन नावं आहेत, तुझं आणि माझं. तू ज्या मोजणीला घाबरून धावत आलास, ती आता खरोखर येईल. अर्ज मी कालच दिला. रस्त्याकडची बाजू तू घे, सगळी घे, मी हूं की चूं करणार नाही. मला खाडीकडचा तुकडा हवा, जिथे भरतीला पाणी चढतं आणि ट्रक वळतही नाही. गोदामवाल्यांना पूर्ण शेतच हवं असेल तर त्यांना सांग की एक म्हातारी आडवी आली. माझं नाव सांग. गावात काय बोलतील ते बोलू देत. माहेर तुटलं असं म्हणतील, तर मी बांधावर बसून ऐकेन.

तुझ्या वाट्यात हवे तेवढे हॅलोजन लाव. माझ्या वाट्यात अंधार राहील.

पैठणी ठेवून घेतली आहे. ती भावाने बहिणीला दिली. कागद याच पाकिटात परत पाठवते.

मंगळवारी गाडी पाठवू नकोस. त्यानंतरच्या शुक्रवारी मी बांधावरच असेन, दिवस मावळल्यावर. यायचं असेल तर चालत ये, बत्ती बंद करून. डोळा लावायला मी तुला पुन्हा सांगेन. हवा बहुधा खराबच असेल.

तुला माझी सही हवी होती. बाबांनी शाळेत घातलं तेव्हा पहिल्यांदा गिरवली, तशीच करते. एवढीच मिळेल.

कमळ हिराजी भोईर