नावाच्या मधोमध

सोमवार, ९ मार्च

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण हल्ली तुझा फोन दुसरंच कुणीतरी उचलतं आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत, काय काम होतं?" असं विचारतं. सख्ख्या भावाकडे काय काम असतं हे मला पटकन सांगता येत नाही. दोनदा "राहू दे" म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक आहे. आई वेळेवर जेवते, वेळेवर गोळ्या घेते, एकदम शहाण्या मुलीसारखी, आणि तेच मला बघवत नाही. तिला भांडायला कुणी उरलेलं नाही. दुकान मी रोज दुपारी उघडते. चष्मे करायला मला कुठं येतात, पण काडी बसवणं, स्क्रू आवळणं जमतं. बाबांनी तयार करून ठेवलेले बरेच चष्मे अजून पाकिटात आहेत, ते ज्याचे त्याला देते. लोक येतात, नवा चष्मा चढवतात, आधी माझ्याकडे बघतात, मग बाबांच्या रिकाम्या स्टुलाकडे, आणि लगेच काढून पुसायला लागतात. कालच एक आजी म्हणाल्या, "नंबर चुकलाय गं, धूसर दिसतंय." नंबर बरोबर होता.

वहिनी कशी आहे? छोटीचे दात पडले का? मला आत्या म्हणणं विसरली नाही ना? नव्या घराच्या गॅलरीतून लांबचं दिसतं म्हणे. छान झालं.

बाबांना पोहोचवून परतताना तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "माझ्याबद्दल काही म्हणाले का गं शेवटी?" मी "नाही" म्हटलं. तू मान हलवलीस आणि गाडीत बसलास. त्या प्रश्नासाठीच हे पत्र आहे, पण मला तिथवर माझ्या चालीनं जाऊ दे. आधी फलकाचं बोलते.

दुकानासमोरच्या खांबांवर तुझ्या पक्षाच्या पोरांनी केवढा मोठा फलक लावलाय, तू पाहिलास का? "ज्येष्ठ निष्ठावंत कार्यकर्त्यास भावपूर्ण श्रद्धांजली." बाबांचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मध्ये पक्षाचं चिन्ह, किल्ली. आणि खाली तू, हात जोडून, खऱ्यापेक्षा मोठा. गेलंय कोण, तेच कळत नाही. आणि निष्ठावंत काय, दादा! ज्यांनी सहा वर्षांसाठी त्यांना पक्षातून काढलं, त्यांनीच ते गेल्यावर परत घेतलं. जिवंतपणी हे सुचलं असतं तर बाबांनी निदान चहा तरी पाजला असता त्यांना.

मी तो उतरवायला निघाले होते. शिडीसुद्धा आणली. आई गॅलरीतून म्हणाली, "फोटो चांगला आलाय त्यांचा, असू दे." तिथं मी हरले.

बाबांचा तो फोटो तुला आठवतो का? पक्षाच्या मेळाव्यातला आहे. तेव्हा आपल्या दुकानातली दोन बाकं म्हणजेच पक्षाची कचेरी होती. संध्याकाळ झाली की गिऱ्हाईक उठायचं आणि कार्यकर्ते बसायचे. आपण दोघं मागच्या खोलीत अभ्यास करायचो आणि तुला पाढ्यांआधी घोषणा पाठ झाल्या. म्हाताऱ्या बायकांना नवा चष्मा देताना बाबा भिंतीवरची किल्ली दाखवून विचारायचे, "दिसते का नीट? मग विसरू नका." त्यांची डोळे तपासायची पद्धतच ती.

या वेळच्या निवडणुकीला वॉर्डातल्या सगळ्यांनी त्याच बाकांवर बसून हात वर करून उमेदवारीसाठी बाबांचं नाव पाठवलं. तुझाही हात वर होता, मी चहा देत होते, मी पाहिलाय. मग उमेदवार जाहीर करायला वरून पक्षाचे निरीक्षक आले. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. निरीक्षकांनी आपल्या वॉर्डाचं नाव घेतलं, माईक नेहमीसारखा खरखरला आणि तुझं नाव त्या खरखरीत गेलं. ऐकू आलं ते त्यापुढचं. बाबांचं नाव, मग आपलं आडनाव. आपल्यात मुलाच्या नावापुढं बापाचं नाव लागतं याचा मला आधी कधी राग आला नव्हता.

बाबा उठून उभे राहिले. हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. निरीक्षकांनी कागद पुन्हा पाहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही नाही हो काका. चिरंजीव."

तुला आधी माहीत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही आणि आता विचारणारही नाही. बाबांचे हात जोडलेलेच राहिले होते. त्यांनी ते तसेच तुझ्याकडे वळवले आणि म्हणाले, "अभिनंदन." आणि तू उठलास. दादा, तू उठायला नको होतंस. बाकीचं मी सगळं समजून घेतलं असतं. वरच्यांना तरुण चेहरा हवा असतो, म्हाताऱ्यांना घरी बसवायचं असतं, जगरहाटी आहे. पण बसून राहायला काय लागतं रे?

बाबांना अपक्ष उभं केलं ते मीच. लोक म्हणतात गल्लीनं केलं. गल्लीला काय, तिला करमणूक हवी होती. मीच आठ दिवस त्यांच्या मागे लागले. "बाबा, हात वर केलेल्या माणसांनी तोंड कुणाला दाखवायचं?" असलं काहीबाही बोलत राहिले. ते म्हणायचे, "घरातलं भांडण चव्हाट्यावर नको." मी म्हटलं, "चव्हाट्यावर आणलं त्यानं, आपण फक्त तिथं उभं राहायचं." शेवटी एके सकाळी स्वतःच पेन घेऊन म्हणाले, "चल, कुठं सही करायची?"

आणि चिन्ह काय मिळालं, तर कंगवा! त्या टकलाला कंगवा! घरी आल्यावर आई इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबाही हसले. तुम्ही किल्ली फिरवत होतात तेव्हा आम्ही चार बायका आणि एक रिक्षावाला, दारोदार कंगवे दाखवत फिरत होतो. माझा आवाज बसला. आमचे हे म्हणाले, "माहेरच्या भानगडीत आपलं घर कशाला ओढतेस?" त्यावरून आमचा अबोला झाला, तो मतदान होईपर्यंत टिकला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबांबरोबर इतका वेळ मला लहानपणीसुद्धा मिळाला नव्हता. तेव्हा ते तुला खांद्यावर घेऊन मोर्चात जायचे आणि मी आईजवळ असायचे.

कोपरा सभेत एकदा गंमत झाली. बाबा छान बोलले, पाण्याचं बोलले, गटाराचं बोलले आणि शेवटी जोरात म्हणाले, "म्हणून येत्या रविवारी किल्लीसमोरचं बटण दाबा!" क्षणभर कुणालाच काही कळेना. मग जी हसाहस झाली! बाबा म्हणाले, "जित्याची खोड, दुसरं काय," आणि खिशातला कंगवा काढून दाखवला. तोही उलटा धरला होता.

तुझ्या सभेचं मात्र मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. "ज्यांच्या डोक्यावर केस नाहीत, ते कंगवा घेऊन तुमचं काय भलं करणार?" टाळ्या खूप पडल्या. तुझ्या भोंग्याचं तोंड दुकानाकडेच होतं. बाबा चष्मा घासत होते. त्यांनी एक हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "बोलतो मात्र चांगलं." मी मागच्या खोलीत जाऊन रडले, रागानं. ते चष्मा घासत राहिले.

आता जेवण करायचंय. उरलेलं उद्या लिहिते.

मंगळवार

काल मुद्दामच थांबले. पुढचं लिहायला हात धजेना.

मतदानाला बाबा आणि मी बरोबर गेलो. आधी माझं झालं, मग ते पडद्यामागे गेले. खूप वेळ लागला त्यांना. टेबलाजवळच्या बाई म्हणाल्या, "काका, झालं का?" तरी बाहेर येईनात. आले तेव्हा चष्मा पुसत होते. मला वाटलं, स्वतःला मत देताना भरून आलं असेल. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मतं मागितलेला माणूस. माझाच ऊर भरून आला.

निकाल तुला माहीतच आहे. थोडक्यात गेलं आमचं. मग दुकानात एकेक म्हातारी यायला लागली. "अगं, आम्ही तुझ्या बाबांनाच दिलं की. किल्लीसमोर त्यांचं नाव होतं, चष्मा लावून वाचलं." नाव होतंच. तुझ्या नावाच्या मधोमध. मी कपाळावर हात मारून घेतला. वकिलाकडे जाऊ म्हटलं, तक्रार करू म्हटलं. बाबा म्हणाले, "कुणाची तक्रार करायची? माझ्याच नावाची?" आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले. पण तेव्हापासून त्यांचं अन्नावरचं लक्षच उडालं. छातीत कफ झाला, मग ताप आला, मग दवाखाना. तू आलास तेव्हा ते झोपले होते. चार माणसं तुझ्याबरोबर होती आणि एकजण फोटो काढत होता, म्हणून मी त्यांना उठवलं नाही. उठवायला हवं होतं का, हे मी रोज स्वतःला विचारते.

तू येऊन गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपार होती, आई घरी गेली होती. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

"एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"नाही चिडत, बोला."

"त्या पडद्यामागं गेलो ना, तर यंत्रावर माझं नाव दोनदा होतं गं. एकदा सुरुवातीला, एकटंच. आणि एकदा त्याच्या नावात, मधोमध." मग म्हणाले, "ते मधलं जास्त बरं दिसत होतं. त्याला दिलं मी."

मी चमचा वाटीत ठेवला. म्हटलं, "बाबा, चूक झाली असेल. सवयीनं बोट गेलं असेल किल्लीवर. सभेत नव्हतं का झालं तसं?" खरं सांगते, मी अक्षरशः विनवणी करत होते. "सवयीनं झालं म्हणा ना."

"नाही गं," ते म्हणाले. "नीट वाचून दिलं. पण त्याला सांगू नकोस. जिंकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी हे कशाला."

मग म्हणाले, पेज खारट झालीय. मी उरलेली त्यांना तशीच भरवली. त्यानंतर ते फार बोललेच नाहीत.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "नाही" म्हटलं ते त्यांनी सांगितलं होतं म्हणून, असं मी स्वतःला समजावत होते. पण ते तेवढंच नाही, दादा. मी नवऱ्याशी अबोला धरला, तुझ्याशी तोडलं, सगळ्या वॉर्डाचे उंबरे झिजवले, परक्यांची मतं आणली आणि त्यांचं स्वतःचं एक मत मला मिळालं नाही. मला इतकं वाईट वाटलं की ते गेले त्या दिवशीसुद्धा मी आधी त्याच दुःखानं रडले, मग ते गेले म्हणून रडले. माझ्या नावातून तर लग्नातच बाबांचं नाव काढलं, तिथं आता यांचं आहे. मी उभी राहिले असते, तरी त्या यंत्रावर त्यांना स्वतःचं नाव माझ्याजवळ सापडलं नसतं. तुला सांगितलं की ते पुरते तुझे होणार हे मला ठाऊक होतं. थोडे दिवस मला ते माझे एकटीचे हवे होते. झाले थोडे दिवस.

आता तो फलक उतरवायचा की ठेवायचा ते तू ठरव. आईला मी समजावीन, फोटो घरात लावू म्हणीन.

आणखी एक. काल रात्रीचं ताट आवरताना आईनं एकदम विचारलं, "पोरानं बापाला दिलं असेल का गं मत?" मी म्हटलं, "विचारते त्याला." तिनं स्वतः कुणाला दिलं ते विचारलं तर म्हणते, मतदान गुप्त असतं. पण तुझं तिला हवंय.

तूही त्या पडद्यामागे एकटाच होतास. स्वतःलाच दिलं असशील. उभे राहणारे सगळे देतात, त्यात काही पाप नाही. खरं काय ते तू तुझ्याजवळ ठेव, मला लिहूसुद्धा नकोस. फक्त एकदा ये. कुणाला बरोबर आणू नकोस. आईजवळ बस, तिचा हात हातात घे आणि बाबांना दिलं म्हणून सांग.

मी तिथंच असेन. मलाही ते ऐकायचंय.

तुझी हरलेली
धाकटी बहीण