घुमटाला टेकलेला हात

३ जून
नवी नोकरी सुरू! कार्यशाळा लहान, पण उजेड भरपूर. मधोमध पालथ्या कढईसारखा गोल फुगलेला संगणकाचा पडदा. सपाट पडद्यावर बोट नीट चालतं, इथे उतारावर घसरतं. म्हणून हाताला धरता येईल असं काहीतरी मी घडवायचं. प्रमुखबाईंना सगळे आक्का म्हणतात. मायाळू आहेत. रात्री ताईला सगळं सांगितलं, तर म्हणाली, कढईशी खेळायचा पगार देतात होय!

६ जून
रबरी तळाची चकती जमली. ती फिरवली की पडद्यावरचा नकाशा फिरतो, सोडली तरी उतारावर चिकटून राहते. जेवून आले तर चकती माथ्यावर. आक्का म्हणाल्या, सरकते कधीकधी. खाली सरकली तर समजू शकते. पण वर?

१० जून
वायर काढून पडदा पुसत होते. बंद, तरी कोमट. तळहात टेकवला आणि आतून पाच बोटं माझ्या बोटांना येऊन भिडली. चाचपडत. मी हात झटकन मागे घेतला.
आक्कांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि खिशातला उजवा हात काढून दाखवला. तळवा गुळगुळीत, एकही रेष नाही. म्हणाल्या, हात फार वेळ ठेवत जाऊ नकोस.
मी विचारलं, मग तुम्ही नोकरी का सोडली नाहीत?
"सोडून पाहिली गं. हाताला करमत नाही."

१२ जून
फोन माझं बोट ओळखेना. बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. हात सारखा तिकडे ओढ घेतो. ताई म्हणाली, चुलीत गेली नोकरी. उद्या मी सोबत येते, सांगू आणि निघू.

१३ जून
आक्कांना सांगायला आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात ताईचं हसणं ऐकू आलं. "अगं, हे टाळी देतंय बघ!" दोन्ही तळवे काचेवर. मग हसू थांबलं. हात निघेनात. आम्ही दोघींनी ओढलं. आक्कांनी वीज तोडली. काहीच उपयोग नाही. मनगटं आत गेली, काचेला तडासुद्धा नाही.

आक्का हातोडा आणायला गेल्यात. एका हाताने ताईला कवळून धरलंय, दुसऱ्याने लिहितेय. कुणाला तरी कळू दे. कोपरं गेली. ताई म्हणते, सोड मला, घरी जा. नाही सोडणार—

ताई बोलत नाही आता. गाल काचेला—

आक्का आल्या. आल्या एकदाच्या! हातोडा दिसत नाही. माझ्या पाठीवर हात ठेवलाय. पण ओढत नाहीत, त्या मला ढक—