लाल शाईतली चौथी ओळ

अब्बा,

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून जळलेल्या मोटारीबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, की आपल्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो, आणि मी अजून ती कशी सांगावी याचाच विचार करते आहे. घरी आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण हे मी मराठीत लिहिते आहे. मराठी शाळेत शिकले म्हणून असेल, किंवा तुम्ही मला दुकानातलेच जास्त आठवता म्हणून असेल. गिऱ्हाइकांशी वऱ्हाडीत बोलता बोलता तिथं तुम्ही मलाही वऱ्हाडीतच हाक मारायचात. घरातले अब्बा कमी बोलायचे. दुकानातल्या अब्बांचं तोंड थांबायचं नाही, आणि मला तेच अब्बा हवे असायचे.

आर्णीच्या बसस्टँडमागचं ते दुकान, पाटीवर फक्त ‘मोटार रिवायंडिंग’. विहिरीवरचे पंप जळले की लोक तिथं मोटार घेऊन यायचे. तुम्ही आतली जळकी तांब्याची तार छिन्नीनं तोडून काढायचात, फर्म्यावर नवी वेटोळी करून एकेका खाचेत बसवायचात आणि वरून वॉर्निश पाजायचात. ते वाळवायला मोटारीचा सांगाडा आपल्या गच्चीवर यायचा, नेमका अम्मीच्या पापडांशेजारी. या घरातल्या पापडांना कारखान्याचा वास येतो म्हणून ती करवादायची आणि तुम्ही त्यातलाच एक उचलून कच्चाच कुरकुरत खायचात. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडात अळी, भावाचा पत्ता नाही, आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात आणि एकदाही चांगल्या कारणानं नाही. नवी मोटार घ्यायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. तीच ती मोटार तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तुमच्यापुढं यायची आणि तुमच्या वहीत आणखी एक पान वाढायचं.

ती वही माझ्यासमोर आहे. पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाची वही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुम्हीच म्हणायचात. पण प्रत्येक पानावर चारच ओळी, आणि चारही ठरलेल्या. पहिली, नाव. दुसरी, काय दिसलं. तिसरी, काय केलं. चौथी, कुठं करू नये. नावं तुम्हीच ठेवलेली. तीन फेजांपैकी एक गेली आणि तशीच धावून जळली, ती ‘लंगडी’. तिच्यात तारेचा काही भाग काळा आणि काही कोरा निघायचा. लाइनीच्या शेवटच्या गावांत वीज पोचेपर्यंत मलूल व्हायची. तिथं कमी विजेवर पाणी ओढून ओढून जी सगळीकडून सारखी काळी पडायची, ती ‘उपाशी’. उपाशीसाठी तुमची खास बांधणी होती, फेरे कमी आणि तार जाड. त्या बांधणीमुळं पार तेलंगणाच्या बाजूच्या गावांतून लोक यायचे. “मोटार अलग, गाव अलग, बिमारी थेच,” तुम्ही म्हणायचात. एकदा नीट ओळखली की दर वेळी नव्यानं डोकं फोडायला नको, म्हणून वही.

मोटार उघडायच्या आधी मात्र तुम्ही वहीला हातही लावत नव्हता. समोरच्याला स्टुलावर बसवायचात, चहा सांगायचात आणि विचारायचात, “काय म्हनता, तुमच्या घरी संध्याकायी बत्ती कशी जळते? पिवयी का पांढरी?” मोटार विहिरीवरची आणि हे विचारताहेत घरातल्या दिव्याचं, म्हणून नवखा माणूस गोंधळायचा. मलाही ते गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून ठेवण्यासाठी वाटायचं. चहा पिणाऱ्यांत तुमचा अर्धा दिवस जातो, अशी मी अम्मीकडं चुगलीसुद्धा केली होती.

त्या दिवाळीत मी अमरावतीच्या कॉलेजातून घरी आलेली, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, म्हणजे अक्कल उतू जाण्याचं वय. तुम्ही तार आणायला यवतमाळला गेला होतात आणि तिथंच एका निकाहासाठी तीन-चार दिवस थांबणार होतात. सकाळी जीपमधून एक मावशी उतरल्या, दारव्हा रोडवरच्या एका गावच्या, शेत स्वतः करणाऱ्या. ड्रायव्हरनं मोटार खाली उतरवून दिली. “आठ दिवस दिवसाची लाइन आहे माय, आजपासून, मंग रातची,” त्या म्हणाल्या. “बोंडं लिंबाएवढी झाली. दोन पानी भेटले का मले काही नाही लागत. तुह्ये अब्बा कवा येतीन?” मी म्हटलं, अब्बा कशाला, मी आहे ना. मागच्या दोन सुट्ट्यांत तुमच्या नजरेखाली मी चार मोटारी बांधल्या होत्या. ही उघडली, सगळीकडून सारखी काळी. उपाशी! मला त्यांना बसवायचंही सुचलं नाही. वही काढली, पान लागलं, फेरे कमी, तार जाड, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार बांधून तयार. मावशी निघाल्या तेव्हा मी दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होते, अगदी तुमच्यासारखी.

तुम्ही परत आलात त्याच दिवशी गावावरून निरोप आला, मोटार चालू केल्यापासून घूं घूं करत होती आणि दीड दिवसात जळली. तुम्ही लगेच उठलात. हत्यारांची पिशवी घेतली, मला सोबत घेतलं, जीपमध्ये मागं बसलो. शेताजवळ उतरलो तर रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोर, सबस्टेशनचे खांब. तुम्ही त्या खांबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मावशी, संध्याकायी बत्ती कशी जळते तुमच्या घरी?”

“पांढरीफक, बाप्पा. डोये दिपते.” मग त्याच म्हणाल्या, “पहिल्या बारीले तं गाळ फसला होता पंख्यात. माह्या दिरानं काढला.”

म्हणजे मोटार उपाशी नव्हतीच. गाळात अडकून दमली आणि तशीच सारखी काळी पडली होती. पोट भरलेल्या मोटारीला मी उपाशाची बांधणी करून दिली होती, आणि तिनं इतकी वीज ओढली की पुन्हा पेटली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, “तुनं मोटार पाह्यली. मानसाले इचारलंच नाही.” त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. मग तुम्ही विचारलंत, “चवथी ओळ नाही वाचली काय?”

मी म्हटलं, “अक्षर लागलं नाही, अब्बा.”

तुमचा चेहरा मला दिसतो आहे. माझ्यावर रागावलेला चेहरा मावशींकडं वळता वळता कसा ओशाळला, ते मी पाहते आहे. “चूक माही आहे, मावशी,” तुम्ही म्हणता. “माह्या हाताच्या अक्षराची. पोरीले दोष नका देऊ.” तुम्ही मोटार तिथूनच उचलून आणली, सगळी कामं बाजूला सारून बांधली, स्वतः नेऊन बसवली. पण तोवर दिवसाची लाइन संपत आली होती आणि एकच पाणी झालं. वरच्या वावरातली बोंडं गळाली. मावशींनी गळालेलं एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं, रागानं नाही, मला कळावं म्हणून. “राहू द्या,” त्या तुम्हाला म्हणाल्या. “शिकून राह्यली थे. खालचं वावर हाये अजून.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून एक लाल पेन आणि दुरेघी वही आणलीत. पहिलीतली पोरं अक्षर गिरवतात, तसली. पन्नाशीचा माणूस दुकानात गिऱ्हाईक नसलं की जीभ किंचित बाहेर काढून ‘क’ गिरवतो आहे, ‘ख’ गिरवतो आहे. लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. “आता पेपरले बसतो मी,” म्हणायचात. मग जाड वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केलीत. प्रत्येक पानावरची चौथी ओळ खोडून तिच्याखाली तीच पुन्हा, मोठ्या, सुट्या, लाल अक्षरांत. बाकीच्या तीन ओळींना हात लावला नाहीत. त्या न वाचल्यानं कुणाची मोटार जळत नाही, असं तुमचं म्हणणं. मी अमरावतीला परत गेले तेव्हा तुम्ही ‘लंगडी’पर्यंत पोचला होता.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक विषय आला. सॉफ्टवेअर बनवताना त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, तर त्यांच्यावरच्या जुन्या-जाणत्या तोडग्यांना नावं देऊन मांडून ठेवायचं. पॅटर्न म्हणतात त्याला. लायब्ररीतून जाड पुस्तक आणलं. उघडून बघते तर पानापानावर ठरलेले मथळे. नाव. अडचण. तोडगा. आणि शेवटी, यानं काय बिघडू शकतं. अब्बा, मला तिथल्या तिथं वॉर्निशचा वास आला. तरी मी काय केलं? सुट्टी संपवून परत निघाले तेव्हा तुम्ही मला सोडायला बसस्टँडवर आला होता. ते पुस्तक माझ्या पिशवीतून काढून तुम्ही उलटसुलट पाहिलंत. “इसमें क्या है, बेटा?” बाजूला माझ्या कॉलेजातली दोघं उभी होती. ते तुम्हाला नाही समजणार, मी म्हटलं. “हौ,” तुम्ही म्हणालात. छापलेल्या ओळीवरून बोट फिरवलंत. “अक्षर किती साफ आहे पन. वाचनाऱ्याची चूक होनार नाही.” बाहीनं पुस्तक पुसून परत ठेवलंत. बस लागली आणि मी चढले. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या.

मी आता पुण्यात असते. सॉफ्टवेअर बनवते, आणि नव्यानं लागलेल्या पोरापोरींना शिकवते. दवाखान्यातला पलंग, लॉजमधली खोली, बसमधली सीट, वरून सगळं वेगळं दिसतं पण अडचण एकच आहे, एक वस्तू, काही वेळापुरती, एकाच माणसाला द्यायची. हे सांगताना माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघतं, बिमारी थेच. मागच्या महिन्यात एका हुशार मुलीनं एका दवाखान्याच्या कामात एक नावाजलेला पॅटर्न घातला. त्यात एक गोष्ट बदलली की तिच्यावर नजर ठेवून असलेल्या सगळ्यांना आपोआप वर्दी जाते. चांगला आहे तो, मीही वापरते. शिवारात लाइन आली की बांधाबांधावरून हाका जायच्या, तसंच. पण इथं ज्याला वर्दी जाई तोही बदले, आणि त्याची वर्दी परत पहिल्याला जाई, ते चक्र थांबेचना. सकाळी ऐन गर्दीत नोंदणी ठप्प झाली. केसपेपरसाठी माणसं रांगेत ताटकळली. मी तिला विचारलं, तिथं खिडकीवर बसणाऱ्या बाईंना भेटली होतीस का? ती म्हणाली, नाही, पण पुस्तकात अगदी अशीच केस होती. मी तिला रागावू शकले नाही. तिच्यासाठी चहा मागवला.

आमच्या ऑफिसात आता एक म्हणच झाली आहे. नवं काम आलं की कुणीतरी हसत विचारतं, बत्ती कशी जळते? ते कुठून आलं हे कुणाला माहीत नाही, आणि मी सांगत नाही. सांगायला गेले तर तुमच्याबद्दल बोलावं लागेल, आणि तुमच्याबद्दल मला अजून धड बोलता येत नाही. मला तुमची फार आठवण येते, अब्बा. एखादा अवघड गुंता सुटला की वाटतं, धावत दुकानात यावं, स्टुलावर बसावं, तुम्हाला सगळं समजावून सांगावं. तुम्हाला पाच मिनिटांत समजलं असतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांच्या आधी तुम्हाला समजलं असतं.

आमच्या टीमसाठी मी असे पॅटर्न लिहून ठेवते आहे, एकेका पानावर चार ओळी. चौथी लाल. तुमची वही शेजारी उघडी असते. काल मी शेवटपर्यंत गेले. तुम्ही सगळी पानं पुरी केली आहेत, एकही चौथी ओळ सोडली नाही. शेवटच्या पानांवरचं अक्षर तर मास्तरांनी शाबासकी द्यावी असं आहे. मग मी मागं, ‘उपाशी’च्या पानावर आले. तिथं लाल ओळीच्या वर तुम्ही खोडलेली जुनी ओळ अजून दिसते. ‘सबस्टेशनजवळ असन तं हे करू नये. पहिले बत्तीचं इचारावं.’ वाकडीतिकडी आहे, पण एका दमात वाचता येते.

तेव्हाही आली होती. हातात तार घेऊन मी ती ओळ पूर्ण वाचली होती, आणि मनात म्हटलं होतं, सूत्र म्हणजे सूत्र, त्यात कुठं करू नये कसलं, अब्बांना उगाच भीती. अक्षर मला लागलं होतं, अब्बा.